वेध, दोष आणि निवेदन : उज्जैनच्या वेधशाळेपासून मराठीच्या संगणकापर्यंत

उज्जैनचे नाव घेतले की महाकाल, क्षिप्रा आणि कालिदास आठवतात. भाषेच्या अभ्यासकाने या नगरीकडे आणखी एका कारणासाठी पाहावयास हवे. भारतीय ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांनी रेखांशाची मूळ रेषा उज्जयिनीवरून जाते असे मानले. पैठणचा किंवा पुण्याचा पंचांगकर्ता आपल्या गावाचे ‘देशांतर’ उज्जयिनीपासून मोजी आणि तितका संस्कार गणितास देई. गणित जिथून मोजले जाई तिथेच ते तपासलेही जावे, हे ओघानेच आले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, मथुरा व काशी यांच्याबरोबर उज्जैनलाही वेधशाळा बांधली.

ही वेधशाळा म्हणजे चुका शोधण्याचे साधन होते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पंचांगात लिहिलेल्या वेळी ग्रहण लागत नाही, सांगितलेल्या अंशावर ग्रह दिसत नाही, ही त्या काळची जाहीर तक्रार होती. जयसिंहाने युरोपातून फ्रेंच ज्योतिषी द ला हीर याची कोष्टके मागविली आणि ती प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली. आपल्या ‘झिज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने निष्कर्ष नोंदविला, तो असा : कोष्टकातील चंद्राचे स्थान अर्ध्या अंशाने चुकते, इतर ग्रहांत चूक तेवढी मोठी नाही, ग्रहणाच्या वेळा मात्र पाव घटिकेने, म्हणजे पंधरा पळांनी, मागेपुढे होतात, आणि याचे कारण तिकडील यंत्रांचा आकार लहान असावा. आजच्या मापात पंधरा पळे म्हणजे सहा मिनिटे.

या नोंदीची बांधणी पाहण्यासारखी आहे. काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय दिसले, अंतर किती पडले आणि कारण कोणते संभवते, या चार गोष्टी तिच्यात क्रमाने येतात. कोष्टककर्त्याची निंदा तिच्यात नाही, किंवा ‘परकीयांचे गणित चुकीचेच असणार’ असला सुरही नाही. चुकीचे माप दिलेले आहे, म्हणून ज्याला ती दुरुस्त करावयाची आहे त्याच्या हाती काही तरी पडते.

मराठी माणसांनी ही परंपरा पुढे चालविली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली वेधाशी जुळणारे नवे पंचांग सुरू केले. पुढे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आज कर्नाटकात असलेल्या बागलकोटला शिक्षकी करणाऱ्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी ग्रहगणित नव्याने मांडले. उज्जैनची मोडकळीस आलेली वेधशाळा १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने पुन्हा उभी राहिली आणि तिच्या कामाशी गोविंद सदाशिव आपटे यांचे नाव जोडले गेले. गणित आणि आकाश यांत अंतर पडले तर गणित दुरुस्त करावयाचे, या संस्काराला आपल्या जुन्या ग्रंथांत ‘बीजसंस्कार’ असे सुंदर नाव आहे.

एकाच दिवशी दोन टोके

उज्जैनच्या मराठीचा इतिहास मोठा आहे. महाकालाच्या मंदिराचा अठराव्या शतकातील जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी केला. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर वसविले, तोपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. मोडी लिपीतील मराठी ही त्या दरबाराच्या कारभाराची एक भाषा होती. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात मिसळून गेला.

सीमाभागातील वाचकाला ही तारीख सांगावी लागत नाही. त्याच दिवशी, त्याच राज्यपुनर्रचना कायद्याने बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. उज्जैन आणि बेळगाव यांच्या दुःखाची जात एक नव्हे. उज्जैनचा मराठी माणूस महाराष्ट्रात येऊ इच्छीत नव्हता, बेळगावचा इच्छीत होता. पण एक गोष्ट दोघांच्याही वाट्याला आली : घरात व मनात जी भाषा आहे तिच्या पाठीशी आपल्या राज्याचे सरकार नाही.

अशा माणसाच्या हाती निवेदन हे एकच साधन उरते. घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघाच्या अथवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. महाजन आयोगापासून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यापर्यंत आपला सारा लढा निवेदनांच्या कागदांवर उभा आहे. निवेदन कसे लिहावे, पुरावा कसा जोडावा आणि स्मरणपत्र किती वेळा पाठवावे, हे सीमाभागाइतके कोणाला ठाऊक असणार?

आता हे कौशल्य लावण्याजोगे एक नवे दफ्तर उघडले आहे, आणि तिथे अर्जदाराचे राज्य विचारले जात नाही. मुक्त सॉफ्टवेअरमधील दोषांच्या नोंदीविषयी मी बोलत आहे.

एका लिपीत अनेक भाषा

संगणकावर देवनागरी आली ती सर्व भाषांसाठी एकत्रच आली. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ साली आकारास आली व १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडने आपली देवनागरी १९८८ च्या ‘इस्की’वरूनच बेतली. ही मोठी सोय झाली. पण हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत यांची गरज एकाच कोठारातून भागवायची असे ठरल्यामुळे ज्या भाषेचे वापरकर्ते अधिक, तिची चाचणी अधिक, असेही घडले. हिंदीत जे येत नाही ते मोडले तर ते कोणाच्या लक्षातही येत नसे.

‘ॲ’ हे याचे ठळक उदाहरण. मराठीत आपण ‘ॲप’, ‘ॲड’ असे ‘अ’वर चंद्र देऊन लिहितो. युनिकोडमध्ये ‘ऍ’ आरंभापासून होता, ‘ॲ’ मात्र नव्हता. लोक ‘अ’ आणि चंद्र ही दोन चिन्हे शेजारी ठेवून काम भागवीत आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यामध्ये तुटक वर्तुळ उमटे. जणू संगणक म्हणत होता, असे अक्षर नाहीच. २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्थान दिले, तसेच पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणेही निश्चित केली. शासनाच्या त्या निर्णयाची हद्द महाराष्ट्रापुरती आहे. युनिकोडमधील ‘ॲ’ मात्र उज्जैनच्या आणि निपाणीच्या संगणकावरही तितकाच चालतो. हा फरक आपण नीट ओळखला पाहिजे.

ट्विटरसारखी माध्यमे आली तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ती वापरण्यासाठी संगणकावर स्वतंत्र प्रोग्राम तयार झाले. ‘ग्विबर’ हा त्यांतील एक. एप्रिल २०१० च्या उबुंटू आवृत्तीत तो आपोआपच मिळत असे. केडीई मंडळींचा ‘चोकोक’ हा दुसरा. त्याच्या नावाचा जुन्या फारसीतील अर्थ चिमणी. पुढे मॅस्टोडॉन आले आणि त्यासाठी ‘टोकोडॉन’, ‘टुबा’ असे नवे प्रोग्राम लिहिले गेले. यांचे मूळ कोणालाही वाचता येते आणि दोष कोणालाही नोंदविता येतो. मोझिला प्रकल्पाने १९९८ साली सुरू केलेली ‘बगझिला’ ही अशा नोंदींची वही. केडीईचे दोष आजही तिच्यातच लिहिले जातात. इतरत्र वहीचे नाव वेगळे असते, रीत तीच.

चार शब्दांची कसोटी

अशा प्रोग्रामात मराठी कोठे मोडू शकते, ते चार शब्दांच्या आधारे पाहू.

पहिला शब्द, ‘मराठी’. विषयसूचक म्हणून आपण त्याच्याआधी जाळीचे चिन्ह ठेवतो आणि प्रोग्रामने पुढील सबंध शब्द दुवा करावा अशी अपेक्षा असते. शब्द कोठे संपतो, हे प्रोग्राम एका सूत्राने ठरवितो. पायथन या भाषेतील प्रचलित सूत्र अक्षरे व अंक यांनाच शब्दाचे घटक मानते. काना, वेलांटी, हलन्त यांना मानीत नाही. त्यामुळे ‘मराठी’मधून त्याच्या हाती लागते ते केवळ ‘मर’. दुवा तेवढ्याचाच होतो, ‘ाठी’ बाहेर राहते. आपल्या भाषेचे नाव लिहावे आणि यंत्राने त्याचे ‘मर’ करावे, यापरते विदारक रूपक शोधूनही सापडणार नाही. पण यामागे कोणाचाही द्वेष नाही. सूत्र लिहिणाऱ्याच्या लिपीत मात्रा नव्हत्या, एवढेच. देवनागरी मजकुरातील शब्दांचे असे तुकडे पडतात, ही नोंद पायथनच्या वहीत २००७ सालीच झाली आणि ती वर्षानुवर्षे उघडीच राहिली. मात्रांना शब्दाचा भाग मानावे, असे युनिकोडची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. ग्विबर पायथनमध्येच लिहिलेला होता. मूळ भाषेतील अशी एक उणीव तिच्यावर बांधलेल्या कित्येक घरांत कशी उतरू शकते, हे यावरून कळेल.

दुसरा शब्द, ‘दऱ्या’. येथील रफाराला कोणी चंद्रकोरी, कोणी आडवा रफार म्हणते. हिंदीत तो नाही. संगणकात तो दोन प्रकारे लिहिला जातो : एक, नुक्त्याचा ‘ऱ’ व हलन्त, दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे, काही प्रोग्राम अदृश्य चिन्हे कचरा समजून झाडून टाकतात. मग सह्याद्रीच्या ‘दऱ्यां’चा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण ‘आचार्यांना’ जाते. स्वयंपाक्याच्या जागी गुरुजी येतात, आणि हिंदीभाषक परीक्षकाला दोन्ही वाक्ये निर्दोष दिसतात.

तिसरा शब्द, ‘ॲप’. युनिकोडने स्थान दिले तरी जुन्या फाँटात ते अक्षर नसेल तर रिकामी चौकट दिसते. हा दोष प्रोग्रामाचा नसून फाँटाचा आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

चौथा शब्द, ‘स्वातंत्र्य’. वाचणाऱ्याच्या लेखी ही तीन अक्षरे : स्वा, तं, त्र्य. युनिकोडच्या चिन्हांत मोजली तर अकरा. साठवणुकीच्या बाइटांत मोजली तर तेहतीस. ट्विटरची १४० ची आणि २०१७ पासूनची २८० ची मर्यादा अशा चिन्हांवर बेतलेली. म्हणून जोडाक्षरांची श्रीमंती मराठीला महागात पडे. ‘वाचकाला दिसणारे अक्षर’ म्हणजे काय, याची व्याख्या युनिकोडने केली होती, पण तीही जोडाक्षरे हलन्तापाशी तोडीत असे. त्या हिशेबाने ‘स्वातंत्र्य’ सहा अक्षरांचे ठरे. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, मल्याळम, ओडिया व तेलुगू यांची जोडाक्षरे अखंड धरली जाऊ लागली. तेव्हा कुठे ‘स्वातंत्र्य’ तीन अक्षरांचे झाले. त्या यादीत तेव्हा कन्नड नव्हती, हे आपल्या शेजाऱ्यांनाही कळवावे. आपला लढा त्यांच्या लिपीशी नाही. मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा ५०० आहे. मोजणारा सर्व्हर नव्या नियमाने मोजीत असेल आणि आपल्या संगणकावरील प्रोग्राम जुन्या, तर एक म्हणेल ‘जागा आहे’ आणि दुसरा म्हणेल ‘संपली’. असा मतभेद दिसला की नोंद करावी.

नोंद कशी करावी

जयसिंहाची चार सूत्रे येथे जशीच्या तशी लागू पडतात. काय अपेक्षित होते : जाळीच्या चिन्हापुढील सबंध ‘मराठी’ दुवा व्हावा. काय झाले : ‘मर’ एवढाच झाला. अंतर किती : मात्रा असलेल्या प्रत्येक शब्दात होते, ‘जगत’सारख्या मात्राविहीन शब्दात होत नाही. कारण कोणते संभवते : शब्दाची सीमा ठरविणारे सूत्र मात्रा वगळत असावे. याला प्रोग्रामची आवृत्ती, संगणकप्रणालीचे नाव, पडद्याचे चित्र आणि तो शब्द नकलून घेता येईल असा मजकूर जोडावा. केवळ चित्र पुरत नाही. ‘दऱ्या’चे दोन प्रकार चित्रात ओळखता येत नाहीत.

दोष कोणाच्या दफ्तरी न्यावा हेही आधी ठरवावे. तोच शब्द दुसऱ्या प्रोग्रामांतही मोडत असेल, तर फाँट किंवा अक्षरजुळणी करणारे यंत्र तपासावे. याच प्रोग्रामात मोडत असेल, तर दोष येथला. ग्रामपंचायतीचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे नेले तर अर्ज परत येतो, हा आपला अनुभव इथेही उपयोगी पडतो. तीच तक्रार आधी कोणी केली आहे का ते पाहावे. असल्यास नवी न करता तिलाच आपली माहिती जोडावी. एका नोंदीत एकच दोष लिहावा. आणि ‘आमच्याकडे तर नीट चालते’ असे उत्तर आले तर रागावू नये. त्यांच्याकडे खरेच चालत असते, कारण त्यांनी मराठी लिहिलेली नसते. कोणत्या पायऱ्यांनी दोष पुन्हा दिसेल, ते क्रमवार सांगावे.

एक अडचण खरी आहे. ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क दिला, पण सॉफ्टवेअरच्या वह्या बहुतेक इंग्रजीत चालतात. मराठीच्या दोषाची तक्रार मराठीत करता येत नाही, हा अन्याय मान्य करूनही मार्ग काढावा लागतो. गावोगावच्या मराठी मंडळांतून, वाचनालयांतून दोन-चार इंग्रजी जाणणारे तरुण पुढे आले आणि ज्येष्ठांनी दाखविलेले दोष त्यांनी लिहून पाठविले, तर ही भिंत फार उंच राहत नाही. सीमाभागात अर्ज लिहून देणारी माणसे प्रत्येक गल्लीत असत; त्यांचाच हा नवा अवतार.

सीमेपलीकडचा वापरकर्ता

हे काम पुण्या-मुंबईकडे सोपवून आपण मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. या शतकाच्या आरंभी मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषा आणणाऱ्या ‘इंडलिनक्स’च्या कार्यकर्त्यांचे आणि ‘लोहित’ फाँट सांभाळणाऱ्या पुण्यातील अभियंत्यांचे ऋण मोठेच आहे. तरीही एक दृष्टी अशी आहे, जी सीमेवरच्या माणसाकडेच असते. उज्जैनच्या मराठी माणसाचा संगणक पुष्कळदा हिंदीत मांडलेला असतो. त्यामुळे मराठी मजकुराला हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात, हे त्याला पहिल्यांदा दिसते. त्याला दोन्ही भाषा येतात. म्हणून ‘हिंदी नीट चालते, मराठीच मोडते’ हे नेमके वाक्य तोच लिहू शकतो. दोष कोठे आहे हे शोधणाऱ्याला या वाक्याचे मोल फार असते. बेळगावच्या वापरकर्त्याला देवनागरी व कन्नड ताडून पाहता येते. तो आणखी एक पाऊल पुढे जाऊ शकतो.

जनगणनेत आपली मातृभाषा कोणती लिहावी, याची चर्चा आपण दर खेपेस करतो. संगणकाच्या लेखीही अशी एक गणना सतत चालू असते. ज्या भाषेचे दोष कोणी कळवीत नाही ती भाषा कोणी वापरतच नाही, असे तिथे गृहीत धरले जाते. शांतता म्हणजे समाधान असा तिथे अर्थ होतो. ‘चालवून घेऊ’ म्हणत आपण ‘मराठी’ रोमन लिपीत लिहू लागतो, आणि आपल्याच हाताने त्या गणनेतून बाद होतो. उज्जैनसारख्या शहरात नव्या पिढीची मराठी ज्या पडद्यावर उरली आहे त्याच पडद्यावर तिचे तुकडे पडू द्यावेत, हे परवडणारे नाही.

मुक्त संगणकप्रणालीत मराठीची ओळख दोन जोड्यांनी लिहिली जाते : भाषेसाठी ‘एमआर’ आणि देशासाठी ‘आयएन’. मराठी, भारत. मध्ये राज्याचे नाव नाही. उज्जैन, बेळगाव, बिदर, पुणे यांना तिथे एकच स्थान आहे आणि कोठूनही पाठविलेली नोंद सारख्याच क्रमाने वाचली जाते. आपल्या इतर निवेदनांचा निकाल लागेल तेव्हा लागेल. या दफ्तरात मात्र आजच अर्ज देता येतो. मराठी, दऱ्या, ॲप आणि स्वातंत्र्य हे चार शब्द आपल्या प्रोग्रामात लिहून पाहावेत, आणि जे मोडेल ते माप देऊन कळवावे.